फिनिश शिकायचं आहे: पुण्यातून सुरुवात कशी करावी आणि तिकडे जाऊन शिकण्याचे मार्ग कोणते?

कर्वेनगर_नाका:

नमस्कार मंडळी. फिनिश भाषा पद्धतशीर शिकायची आहे. हिंजवडीत आयटीची नोकरी, जर्मन बी१ (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली तिसरी) झालेलं, फिनिशमध्ये पाटी कोरी. रानडे इन्स्टिट्यूटच्या (पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग) यादीत जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश दिसतात, फिनिशचं नाव नाही. माहीतगारांनी कृपया सांगावं:

१) जर्मनीला नुसत्या भाषेच्या कोर्ससाठी व्हिसा मिळतो, तसा फिनलंडला मिळतो का? एक एजंट ‘वर्षभर लँग्वेज कोर्स, सोबत पार्टटाइम काम, सगळं मिळून चार लाख’ असं पॅकेज सांगतोय.
२) चार-सहा आठवड्यांची रजा काढून जाता येईल असं काही आहे का?
३) फिनलंड सोडून दुसऱ्या कुठल्या देशात नीट फिनिश शिकवतात?
४) पंधरा विभक्ती आहेत असं सगळीकडे वाचतोय. मराठी माणसाला कितपत झेपेल?

उत्तरध्रुव_पुणे:

आधी एजंटचं बघू, कारण त्यात पैसे अडकतील.

जर्मनीच्या अनुभवावरून फिनलंडचा अंदाज बांधू नका. जर्मनीत भाषेच्या कोर्ससाठी वेगळा व्हिसा आहे. फिनलंडमध्ये ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर रहिवासी परवाना लागतो. अभ्यासासाठीचा परवाना मिग्री, म्हणजे त्यांचं इमिग्रेशन खातं, मुख्यतः पदवीच्या किंवा एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यांना देतं. पदवीबाहेरच्या शिक्षणासाठी अर्ज केलात तर ते शिक्षण फिनलंडमध्ये येऊनच का घ्यायचं, याचं पटेल असं कारण द्यावं लागतं. ‘भाषा आवडते’ एवढ्यावर ते भागत नाही.

आता चार लाखांचा हिशोब. अभ्यासाच्या परवान्यासाठी दरमहा ८०० युरो राहण्याखाण्यासाठी दाखवावे लागतात. वर्षाचे झाले ९,६०० युरो, आणि युरो शंभर रुपयांना धरला तरी साडेनऊ लाखांच्या वर. हे फीव्यतिरिक्त, आणि तुमच्या स्वतःच्या खात्यात हवेत. वडिलांच्या एफडीची पावती जोडून अर्ज टाकणारे इथेच अडकतात. म्हणजे चार लाखांत वर्ष बसवणारा माणूस एकतर नियम जाणत नाही किंवा तुम्हाला शेंगेन व्हिसावर (युरोपचा ९० दिवसांपर्यंतचा भेटीचा व्हिसा) पाठवून मोकळा होणार आहे. आठवड्याला सरासरी ३० तास कामाची मुभा असते ती विद्यार्थी परवान्यावर. शेंगेन व्हिजिट व्हिसावर नोकरी करता येत नाही. एजंटला एवढंच विचारा: परवाना कुठल्या प्रकारचा, आणि प्रवेशपत्र कुठल्या संस्थेचं? उत्तर लेखी मागा.

रजा काढून जायचं असेल तर मात्र रस्ता सरळ आहे. ९० दिवसांच्या आतल्या कोर्सला शेंगेन सी व्हिसा पुरतो. फी प्रौढांना ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचं प्रवास-वैद्यकीय विमाकवच लागतं. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. नियमाप्रमाणे निदान १५ दिवस आधी करायचा असतो, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अख्खा देश युरोपला निघतो आणि अपॉइंटमेंट मिळत नाहीत. जूनच्या कोर्ससाठी मार्चमध्येच हालचाल करा. अर्जाला कोर्सचं प्रवेशपत्र, फीची पावती आणि कंपनीचं रजेचं पत्र जोडा. तिन्हींवरच्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. कोर्स २६ दिवसांचा आणि रजा ४५ दिवसांची, मग उरलेले दिवस कुठे, हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर कव्हरिंग लेटरमध्ये आधीच लिहून टाका.

कोर्स कुठे शोधायचे? तिकडे ‘केसॅयुलिओपिस्तो’ म्हणजे उन्हाळी विद्यापीठं असतात. नावात विद्यापीठ असलं तरी प्रवेश कुणालाही. हेलसिंकीच्या उन्हाळी विद्यापीठात शून्यापासून वरच्या पातळीपर्यंत इंटेन्सिव्ह फिनिश कोर्स चालतात, काही ऑनलाइनही असतात. फिनिश कोर्सेस डॉट एफआय या साइटवर पातळी, वेळ आणि शहर निवडून कोर्स शोधता येतात. फी काहीशे युरो. खर्च खातात ते विमान आणि राहणं. जुलै हा तिकडचा सुट्टीचा महिना, निम्मी ऑफिसं बंद, त्यामुळे जून किंवा ऑगस्ट बघा. जूनच्या शेवटाकडे युहान्नुसचा सण असतो. त्या शनिवार-रविवारी शहर ओस पडतं आणि दुकानांच्या वेळाही बदलतात. उतरण्याची तारीख त्या दिवसांत घेऊ नका.

‘कान्सालाइसओपिस्तो’ म्हणजे नगरपालिकांच्या प्रौढशिक्षण संस्था. त्यांचे संध्याकाळचे वर्ग सगळ्यात स्वस्त, पण ते तिथे राहणाऱ्यांच्या सोयीचे: आठवड्यातून एक-दोनदा, सबंध सत्रभर. सहा आठवड्यांसाठी जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. वाचनालयांतले भाषाकट्टे, ‘किएलिकाहविला’, फुकट असतात आणि बोलायचा सराव तिथेच होतो. कोर्स कुठलाही घ्या, संध्याकाळी तिथे जाऊन बसा.

शून्यावर असताना जाऊ मात्र नका. विमानाचे पैसे खर्चून वर्णमाला आणि ‘माझं नाव अमुक’ शिकणं परवडत नाही. ए१ इथे घरी बसून पुरं करा आणि ए२च्या कोर्सला जा.

सामान्यरूप:

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो. फिनिश अवघड हे खरं, पण नेटवर जे वाचता ते बहुतेक इंग्रजी भाषकांनी लिहिलेलं असतं. अमेरिकन परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था फिनिशला ४४ आठवडे, ११०० वर्गतास धरते, तेही इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी. त्यांना ज्याचा धसका बसतो त्यातलं बरंचसं आपण रोज करतो.

विभक्ती घ्या. फिनिशमध्ये बऱ्याच शब्दांना थेट प्रत्यय लागत नाही, आधी शब्दाचं अंग बदलतं. ‘वेसि’ म्हणजे पाणी आणि पाण्यात म्हणजे ‘वेदेस्सॅ’. आपणही ‘पाणीत’ म्हणत नाही, ‘पाण्यात’ म्हणतो. शाळेत ज्याला सामान्यरूप म्हणतात तेच हे. म्हणून वहीत नवा शब्द लिहिताना एकटा लिहू नका, षष्ठीच्या रूपासकट जोडीने लिहा: वेसि-वेदेन, कातु-कादुन, काउप्पा-काउपान, कुक्का-कुकान. मधलं व्यंजन कसं हलतं बघा: दुहेरी प्प, क्क एकेरी होतात, त चा द होतो, आणि ‘हेलसिंकी’चं ‘हेलसिंगिस्सॅ’ होतं. जोडीने पाठ केलेल्याला बाकीची बरीचशी रूपं आपोआप येतात. मूळ रूपं तेवढी पाठ करणारा ए२ला पोचल्यावर पुन्हा पहिल्या पानावर येतो.

नकार बघा. इंग्रजीचा ‘नॉट’ आणि जर्मनचा ‘निश्ट’ जागचा हलत नाही. फिनिशमध्ये नकारच पुरुषाप्रमाणे चालतो: एन पुहु, एत पुहु, एइ पुहु, एइवॅत पुहु. म्हणजे बोलत नाही, बोलत नाहीस, बोलत नाहीत. प्रश्नही तसाच: ‘तुलेत्को?’ म्हणजे ‘येतोस का?’, आणि ‘को’ बसतो आपल्या ‘का’च्याच जागी. मालकी सांगायला ‘हॅव’सारखं क्रियापद नाही. ‘मिनुल्ला ओन आउतो’, माझ्याकडे गाडी आहे. घराच्या मागे म्हणजे ‘तालोन ताकाना’, षष्ठी आणि मागून शब्दयोगी. वर लिंग नावाची भानगडच नाही, माणूस तो असो की ती, एकच सर्वनाम. डेर-डी-दास घोकून आलेल्याला हे सुखच आहे.

आता मराठी माणूस हमखास कुठे अडखळतो ते.

‘घरात आहे’ आणि ‘घरात गेला’, आपल्याला दोन्हीकडे ‘त’ चालतो. फिनिशमध्ये असण्याला ‘तालोस्सा’ आणि आत जाण्याला ‘तालोऽन’. तुम्ही जर्मनमध्ये ‘इम हाउस’ आणि ‘इन्स हाउस’ केलंय, तोच फरक. शिवाय काही गावांना ‘आत’ अर्थाचा प्रत्यय लागतो, काहींना ‘वर’ अर्थाचा. हेलसिंकीत म्हणजे ‘हेलसिंगिस्सॅ’, पण टाम्पेरेत म्हणजे ‘टाम्पेरेऽल्ला’. यामागे नियम शोधत बसू नका, गावाच्या नावाबरोबर पाठ करा.

दुसरं, विशेषणालाही तोच प्रत्यय लागतो. आपण ‘मोठ्या घरात’ म्हणतो, मोठ्याला ‘त’ लावत नाही. तिथे ‘इसोस्सा तालोस्सा’.

तिसरं पार्टिटिव्ह, त्या पंधरांतलीच एक विभक्ती, आणि खरी कसरत हीच. ‘लुएन किर्याऽ’ (हे पार्टिटिव्ह) म्हणजे पुस्तक वाचतोय. ‘लुएन किर्यान’ म्हणजे पुस्तक वाचून काढीन. क्रियापद तेच, पुस्तकाचा प्रत्यय बदलला की काम चालू आहे की पुरं होणार ते ठरतं. आपण हे काम ‘वाचून काढणे’, ‘खाऊन टाकणे’ अशा जोड क्रियापदांनी करतो. त्यामुळे कल्पना ओळखीची आहे, जागा तेवढी वेगळी. याशिवाय नकारात कर्म पार्टिटिव्ह, आणि एक सोडून पुढच्या आकड्यांनंतरही पार्टिटिव्ह एकवचन: ‘काक्सि तालोआ’, दोन घरं. पहिल्या तीन महिन्यांत नकार आणि आकडे एवढेच दोन नियम घट्ट करा. ‘चालू काम, पुरं काम’ नंतर वाचनातून बसतं.

उच्चारात त, प, क अगदी आपलेच. महाप्राण नाहीत, ट-ठ-ड नाहीत. इंग्रजीच्या सवयीने ‘टालो’ म्हणाल ते सोडा, ‘त’ दातालाच लावा. (टाम्पेरेसुद्धा खरं तर ‘ताम्पेरे’च. वर छापील मराठीच्या सवयीने ‘टा’ लिहिलाय.) ‘ॲ’ आपल्याकडे ‘बॅट’मुळे आहेच. दोन स्वर नवे आहेत. ‘ई’ म्हणताना ओठ ‘ऊ’सारखे गोल करा, तो एक, आणि ‘ए’ म्हणताना ‘ओ’सारखे करा, तो दुसरा. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर.

घात होतो तो ऱ्हस्व-दीर्घाने. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिण्यात पाळतो, बोलण्यात फारसं नाही. तिथे मात्रा चुकली की शब्दच बदलतो. ‘कूसि’ म्हणजे सहा. पहिला ऊ आखूड झाला की ‘कुसि’, त्याचा अर्थ लघवी. दुकानात सहा पाव मागायच्या आधी याचा सराव करा. जोडाक्षरातही तेच: ‘मुत्ता’ म्हणजे पण, ‘मुता’ म्हणजे चिखल. आणि ‘ह’ सांभाळा. आपली जीभ ब्राह्मणचं ब्राम्हण करते, तशीच कॉफीच्या ‘काह्वि’चं ‘काव्हि’ करून टाकते. ह आधी पूर्ण म्हणायचा, मग व. स्वतःचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ ऑडिओशेजारी लावून ऐका, फरक लगेच कळतो.

पेठेतला_स्पष्टवक्ता:

डुओलिंगो ॲपवर वर्षभर त्या हिरव्या घुबडाला खूश ठेवून ‘मला फिनिश येतं’ म्हणू नका, एवढीच विनंती. डुओलिंगोचा फिनिश कोर्स २०२० साली आला आणि तो आखूड आहे. त्यात जादूगार आणि नॉर्वेजियन लोक भरपूर भेटतात, पार्टिटिव्ह कुणी समजावत नाही. पहिला महिना चालेल.

कर्वेनगर_नाका:

एजंटला परवान्याचा प्रकार विचारला, ‘ते आमच्यावर सोडा’ म्हणाला. विषय संपला.

आता पुढचं. ए१ इथून करायचं तर नेमकं काय वापरू? लाइव्ह ऑनलाइन वर्ग नोकरी सांभाळून जमतील का? तिसरा प्रश्न राहिलाच, जर्मन येत असल्याचा काही फायदा? आणि शेवटी प्रमाणपत्र कुठलं धरायचं?

टायमिंगवाला:

वेळेचं गणित आधी. फिनलंड आपल्या साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ बदलतं, आपलं नाही. तिकडचा संध्याकाळी साडेपाचचा वर्ग आपल्याकडे हिवाळ्यात रात्री ९ला आणि उन्हाळ्यात ८ला. हिंजवडीहून कर्वेनगरला पोचून जेवून बसायला हिवाळी सत्र बरं. कोर्स मार्च-एप्रिलवर पसरला असेल तर मधल्या त्या एका तासाची नोंद आधीच कॅलेंडरमध्ये करून ठेवा. पहिला वर्ग त्यातच चुकतो. काही संस्थांच्या नोंदणीच्या पानावर फिनिश ओळख क्रमांक किंवा तिथल्या बँकेचं लॉगिन मागतात. तिथे अडून बसू नका, कार्यालयाला इमेल करा.

साधनं: हेलसिंकी विद्यापीठाचा नवशिक्यांसाठी फुकट ऑनलाइन कोर्स आहे, तिथून सुरुवात करा. व्याकरणाला ‘उउसी किएलेम्मे’ ही साइट, इंग्रजीतून आणि उदाहरणांनी भरलेली. पाठ्यपुस्तक बहुतेक वर्गांत ‘सुओमेन मेस्तारी’चा पहिला भाग असतो. त्यात सूचनासुद्धा फिनिशमध्येच असतात, त्यामुळे ते एकट्याने उघडलं की पहिल्या आठवड्यात बंद होतं. वर्गाबरोबर किंवा त्या साइटबरोबर वापरा. ए१ संपत आलं की ‘यूले’च्या, म्हणजे त्यांच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या, सोप्या फिनिशमधल्या बातम्या लावा. त्या सावकाश वाचतात आणि सोबत मजकूरही मिळतो: आधी ऐका, मग वाचा, मग परत ऐका.

पुस्तकी आणि बोली फिनिशमध्ये अंतर मोठं आहे, हे मात्र आधीच माहीत असू द्या. पुस्तकात ‘मिनॅ ओलेन’ (मी आहे), रस्त्यावर ‘मॅ ओऽन’. ‘आम्ही जातो’ला पुस्तकात ‘मेनेम्मे’, बोलण्यात ‘मे मेन्नॅऽन’. लिहायला पुस्तकी शिका, पण बोली ऐकून कळेल एवढी ए१पासूनच कानावर पडू द्या. नाहीतर वर्गात पहिला नंबर आणि बसस्टॉपवर काही कळत नाही, असं होतं.

संगणकावर फिनिश कीबोर्ड आजच टाका. टिंबवाली अक्षरं (ä, ö) ही वेगळी अक्षरं आहेत, ए आणि ओची सजावट नव्हे. शब्दकोशात ती झेडच्याही नंतर येतात. ‘किएलितोइमिस्तोन सानाकिर्या’ हा अधिकृत फिनिश-फिनिश कोश नेटवर फुकट आहे, बी१पासून उपयोगी पडतो.

फेनिस्टिकवाला:

जर्मनचा फायदा आहे, आणि पुण्यातल्या लोकांना तो सुचत नाही याचं आश्चर्य वाटतं. ग्राइफ्सवाल्ड आणि कोलोन विद्यापीठांत फेनिस्टिक, म्हणजे फिनिश भाषा-साहित्याचा अभ्यास, हा विषय आहे, ग्योटिंगेनला फिनो-उग्रिक (फिनिश, हंगेरियन यांचं भाषाकुळ) विभाग आहे. तिन्ही राज्यांत सरकारी विद्यापीठांना ट्यूशन फी नाही, फक्त सत्रशुल्क. पण माध्यम जर्मन, त्यामुळे बी१ पुरणार नाही. डीएसएच किंवा टेस्टडाफ या विद्यापीठप्रवेशाच्या जर्मन परीक्षांच्या पातळीपर्यंत जावं लागेल. वर एपीएस (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) प्रमाणपत्र आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो. हा मार्ग भाषाशास्त्रात किंवा अनुवादात शिरायचं असेल त्याच्यासाठी. नुसतं बोलता येण्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम नको. याशिवाय एस्टोनियात तार्तू, हंगेरीत बुडापेस्टचं एल्टे, लंडनला यूसीएल या विद्यापीठांतही फिनिश शिकवतात. परदेशी विद्यापीठांत फिनिश घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी फिनलंडचं शिक्षण मंडळ, ‘ओपेतुसहालितुस’, खास उन्हाळी कोर्स भरवतं. तो तुम्हा-आम्हाला थेट खुला नाही, अशा विभागात नाव असावं लागतं. दिल्ली विद्यापीठातल्या विभागाच्या नावात ‘फिनो-उग्रियन’ आहे म्हणून कुणी तिकडे धावू नका. तिथे त्या कुळातली हंगेरियन आहे.

फिनलंडमध्येच पदवी घ्यायची तर इंग्रजी माध्यमाला युरोपबाहेरच्यांना २०१७पासून फी आहे, साधारण आठ हजार युरोपासून वर. तिथे मास्टर्स करताना विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात फिनिशचे क्रेडिट कोर्स घेता येतात, आणि वर्षभर कायदेशीर राहून शिकायचा सरळ मार्ग तोच. अर्जांची मुख्य खिडकी जानेवारीत उघडते. फिनिश माध्यमाच्या पदवीला आपल्यालाही फी नाही, पण प्रवेशपरीक्षा फिनिशमध्ये. बी२च्या खाली विचारही करू नका.

प्रमाणपत्र म्हणजे ‘वायकेआय’, त्यांची राष्ट्रीय भाषापरीक्षा. तीन स्तर: प्राथमिक म्हणजे १-२, मध्यम ३-४, उच्च ५-६, आणि ते ओळीने ए१ ते सी२शी जुळतात. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण अशा चार भागांना वेगवेगळे ग्रेड मिळतात. नागरिकत्वाला पातळी ३ लागते, पण चारही भागांत नाही. संभाषण आणि लेखन, किंवा श्रवण आणि लेखन, किंवा वाचन आणि संभाषण यांपैकी एक जोडी पुरते. मध्यम स्तराची परीक्षा देऊन ३पर्यंत पोचला नाहीत तर २ मिळत नाही, नुसतं ‘३च्या खाली’ असं येतं, हे लक्षात ठेवून स्तर निवडा. परीक्षा फिनलंडमध्ये होते आणि मोठ्या शहरांतल्या जागा नोंदणी उघडल्या उघडल्या संपतात. लहान गावांतल्या केंद्रांवर मिळायची शक्यता जास्त. सहा आठवड्यांच्या सहलीत ती बसवू नका. ए२ला तिचा काही उपयोग नाही, कोर्सच्या शेवटी मिळणारं पातळीचं पत्र पुरे.

कर्वेनगर_नाका:

म्हणजे आत्ता घरी ए१, हिवाळ्यात रात्री ९चा ऑनलाइन वर्ग, मार्चमध्ये व्हिसा आणि जूनचा ए२ कोर्स. रजेचा अर्ज आजच टाकतो. कूसि-कुसिचा सरावही सोडणार नाही.

सामान्यरूप:

जूनचा कोर्स घेताना ‘ए२.१’ आणि ‘ए२.२’ नीट बघून घ्या. बहुतेक ठिकाणी वर्ग अशा अर्ध्या पायऱ्यांचे असतात आणि आधी छोटी ऑनलाइन चाचणी देतात. ती शब्दकोश शेजारी ठेवून सोडवू नका. अर्धी पायरी वरच्या वर्गात पडलात तर चार आठवडे नुसती मान डोलवावी लागेल, आणि इंटेन्सिव्ह कोर्समध्ये पहिले दोन-तीन दिवस गेले की वर्ग बदलून मिळत नाही.